बहिष्कार : एका शब्दाचा प्रवास

आजचं वर्तमानपत्र उघडलं की 'बहिष्कार' हा शब्द कुठे ना कुठे भेटतोच. बारावीच्या पेपर तपासणीवर शिक्षकांचा बहिष्कार, रस्ता होत नाही म्हणून गावाचा मतदानावर बहिष्कार, अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानावर विरोधकांचा बहिष्कार. हा शेवटचा वाचताना मला नेहमी गंमत वाटते. कारण एकेकाळी पुण्यात चहा घेतला म्हणून बहिष्काराची पाळी आली होती!

ते साल १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. पुढे हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव' पत्रात छापून आली. तीत न्या. रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. केवढं ग्रामण्य झालं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. त्याआधी १८६९ साली मुंबईत पुनर्विवाह लावणाऱ्या विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळींनाही हेच सोसावं लागलं होतं.

त्या काळच्या लिखाणात बहिष्कार म्हणजे जातीबाहेर टाकणं. बहिष्कृताच्या घरी भटजी येईना, पंगतीला कोणी बसेना, लेकीबाळींची लग्नं अडत. घालणारी सगळी जात आणि सोसणारं एक घर.

याच सुमारास तिकडे आयर्लंडमध्ये काय चाललं होतं पाहा. १८८० साली कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला तिथल्या कुळांनी वाळीत टाकलं. त्याचं पीक कापायला मजूर मिळेना, दुकानदार माल देईना. त्याच्या आडनावाचा इंग्रजीत शब्द झाला. पद्धत आपल्या ओळखीचीच, फक्त बाजू उलटी. इथे गरिबांनी बळवंताला वाळीत टाकलं होतं.

हा उलटा अर्थ मराठीत रुजला तो १९०५ साली, वंगभंगाच्या वेळी. ७ ऑगस्टला कलकत्त्यात विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव झाला, ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही टिळकांची चतुःसूत्री घरोघर पोचली. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्यावर बहिष्काराचं सावट होतं, त्यांनीच तो शब्द राज्यकर्त्यांविरुद्ध उचलला. जो शब्द ऐकून माणूस खाली मान घालत असे, तो आता छाती पुढे काढून उच्चारला जाऊ लागला.

पण सगळ्यांसाठी नाही. १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी संस्था काढली, तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, पाक्षिक निघालं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. एकीकडे देश साहेबाच्या कापडावर बहिष्कार घालत होता आणि दुसरीकडे याच देशातली लाखो माणसं पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कृत होती. ते नावच एक अग्रलेख आहे.

हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची गावात कशी कोंडी होई, तेही मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने १९३० साली नोंदवून ठेवलं आहे. कसायला जमीन नाही, हाताला काम नाही, वाण्याकडे सामान नाही. असा बहिष्कार गुन्हा ठरवा, अशी मागणी बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत केली.

पुढे मुंबई राज्यात १९४९ साली जातबहिष्काराविरुद्ध कायदा झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरवला. महाराष्ट्राला पुन्हा कायदा करावा लागला तो थेट २०१६ साली, आणि लागू झाला जुलै २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतच होत्या. म्हणजे शब्दाचा नवा अर्थ आला तरी जुना काही गेला नव्हता.

व्याकरण शिकवताना आम्ही मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला सांगत असू. 'बहिष्कार घातला' हे दोन शब्द १८९० साली, १९०५ साली आणि आजही तेच आहेत. म्हणून बातमी वाचताना एवढंच विचारावं : कोणी घातला आणि कोणावर? दुबळ्याने बळवंतावर घातला तर तो सत्याग्रह. बळवंताने दुबळ्यावर घातला तर तो छळ. शब्दकोश दोन्हींना एकच शब्द देतो, फरक आपणच करायचा असतो.