उत्तर वाचण्याआधी उत्तर देणारा बघा

माळेगाव बुद्रुकमधल्या कुणालाही विचारा, ऊस हा शेतीचा विषय आहे का? तुमच्याकडे बघून हसेल. पण संसदेच्या संकेतस्थळावर उसाच्या दराबद्दलची मंत्र्यांची उत्तरं शोधताना मंत्रालयांच्या यादीत ‘कृषी’ निवडलंत, तर महत्त्वाचं बरंच निसटेल. एफआरपी, साखरेचा साठा, निर्यात हे सगळं अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे असतं. मीही हीच चूक केली आणि चार दिवस घालवले. त्यात २००४ ते जानेवारी २०११ या काळात कृषी आणि अन्न ही दोन्ही खाती शरद पवारांकडेच होती. म्हणजे माणूस एकच, पण उत्तरं दोन कप्प्यांत.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. आमच्याकडे मोजमाप घेण्याआधी उपकरण तपासतात. सभागृहातलं उत्तर साधन म्हणून वापरणार असाल तर तेही असंच तपासा. उत्तर कोण देतंय? त्याला काय विचारायची मुभा होती? आणि काय विचारताच येत नव्हतं? हे प्रश्न कळायला थोडा इतिहास लागतो.

१८९२ च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. केंद्रीय कौन्सिलात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ ला भिनग्याच्या राजांनी विचारला. विषय काय, तर दौऱ्यावरच्या साहेबलोकांना पुरवाव्या लागणाऱ्या सामानामुळे गावच्या दुकानदारांना होणारा त्रास. साम्राज्याच्या कारभारावरचा पहिला प्रश्न वाण्याच्या दुकानातून आला, हे मला फार आवडतं. पण सरकारनं उत्तर वाचलं की विषय संपला. उपप्रश्न नाही, चर्चा नाही. टिळक १८९५ ते ९७ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात होते ते याच नियमांखाली. १९०९ नंतर उपप्रश्न आला, पण तो मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. इतर सभासदांना उपप्रश्न विचारता येऊ लागले ते १९१९ च्या सुधारणांनंतर. तेव्हा एखादं १९०५ चं उत्तर त्रोटक दिसलं, तर ‘सभासदाला रस नव्हता’ असं लगेच लिहू नका. त्याला पुढे बोलायची सोयच नव्हती.

आता पुन्हा आपल्या उसाकडे या. १९२१ पासून प्रांतात द्विदल राज्यपद्धती आली. शेती हा ‘सोपीव’ विषय झाला, म्हणजे तो सभागृहाला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे गेला. पाटबंधारे मात्र ‘राखीव’ राहिले, गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलराकडे. मंत्र्याला सभागृहाचं बहुमत सांभाळावं लागे, कौन्सिलराला नाही. बारामती तालुक्यातून नीरा डावा कालवा १८८० च्या दशकापासून वाहतोय. म्हणजे ऊस या पिकाबद्दल प्रश्न आला तर उत्तर एक देणार आणि त्याच उसाच्या पाण्याबद्दल आला तर दुसराच. दोन उत्तरांचा सूर वेगळा लागला, तर तो स्वभावातला फरक की खुर्चीतला, हे तुम्हाला ठरवावं लागेल.

परराष्ट्र धोरणाचं तर दारच बंद होतं. १९२० च्या नियमांत स्पष्ट होतं की सरकारच्या परकीय राष्ट्रांशी असलेल्या संबंधांवर प्रश्न नको, आणि संस्थानिकांशी असलेल्या संबंधांवरही नको. आपल्याला ‘परराष्ट्र’ म्हटलं की लंडन, बीजिंग आठवतं. पण बारामती तालुक्याच्या दक्षिणेला नीरा ओलांडली की १९४८ पर्यंत फलटण संस्थान होतं. या काठावर पाहुणे, त्या काठावर सासुरवाडी, आणि पलीकडच्या दरबाराशी इंग्रज सरकारचं काय चाललंय ते मात्र सभागृहात विचारायचं नाही! त्यामुळे त्या काळच्या प्रश्नोत्तरांत फलटण दिसलं नाही, तर ‘तिथे काही घडलं नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे उपकरण बंद ठेवून शून्य नोंदवणं.

स्वातंत्र्यानंतर ही बंदी गेली. आज लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात. त्यांतल्या ज्यांचा सभागृहात नंबर लागतो त्यांना तोंडी उत्तर आणि त्यावर उपप्रश्न. अतारांकित २३० पर्यंत, त्यांना फक्त लेखी उत्तर. संशोधकाला मोह होतो लेखी उत्तरांचा, कारण त्यात तक्ते असतात. माझा सल्ला, तक्ता घ्या, पण तारांकित प्रश्नाखालचे उपप्रश्न सोडू नका. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी शांतपणे तयार केलेलं असतं. उपप्रश्नाला मंत्र्याला उभ्याउभ्या बोलावं लागतं. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकितांची लेखी उत्तरं होती. त्या अधिवेशनाची तुलना इतरांशी करताना हे तळटीपेत नव्हे, मजकुरात लिहा.

आणखी एक फरक नेहमी गोंधळात टाकतो, ‘उत्तर’ आणि ‘निवेदन’. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांची कुवत अशा मुद्द्यांवर ते बोलले. मूळ अहवाल मात्र प्रसिद्ध झाला नाही. लोकसभेचा नियम ३७२ सांगतो की मंत्र्याच्या निवेदनाच्या वेळी प्रश्न विचारता येत नाही. राज्यसभेत खुलासे मागता येतात, लोकसभेत नाही. म्हणून निवेदन वाचताना लक्षात ठेवा, त्याची मांडणी, क्रम, गाळलेली जागा, सगळं मंत्र्याच्या हातात असतं. प्रश्नात निदान विषय तरी दुसऱ्यानं निवडलेला असतो.

त्याच अहवालाबद्दल पुढे प्रश्न येत राहिले. एप्रिल २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं, की अहवालातला मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि लष्करी कारवाईच्या दृष्टीनं आजही महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाचा काही भाग इंटरनेटवर टाकला. आता तुमच्यासमोर १९६३ चं निवेदन, २०१० चं उत्तर आणि मूळ मजकुराचा तुकडा अशी तीन कागदपत्रं आहेत. पहिलं आणि तिसरं शेजारी ठेवा, आणि चव्हाणांनी काय सांगितलं यापेक्षा कुठे थांबले, त्या ओळीवर पेन्सिलीची खूण करून बघा.