वैद्यकाच्या इतिहासाचे अध्ययन : महत्त्व व व्याप्ती

इतिहास म्हटला की राजे, लढाया व तह यांचेच चित्र आपल्या दृष्टीपुढे उभे राहते. परंतु मनुष्याने रोगाशी व व्यंगाशी दिलेल्या झुंजीचाही इतिहास आहे आणि तो सामान्य घराण्यांस अधिक निकटचा आहे. त्याचे मोल पटण्यास पुणे प्रांतातील एकच उदाहरण पुरेसे होईल.

१७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा बैल हाकणारा होता. तो शेतकरी जातीचा मराठा असल्याची नोंद आहे. टिपूच्या कैदेत त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षाहून अधिक काळानंतर पुण्याजवळील वीटकरी जातीच्या एका पुरुषाने त्यास नवे नाक बसवून दिले. त्याचे वृत्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाले.

त्या वृत्तातील कृती अशी : प्रथम नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ पत्रा करावयाचा, तो उलगडून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ आखावयाची. मग तेवढी त्वचा सोडवावयाची. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवावयाची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. ती त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसवीत व टाके न घालता कातात भिजविलेल्या कापडाने धरून ठेवीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापीत. हे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर कार्प्यू या शल्यवैद्याने लंडनमध्ये १८१४ साली ही क्रिया केली व १८१६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील अर्वाचीन नासासंधानाचा आरंभ तेथून झाला.

सुश्रुतसंहितेत नाक जोडण्यासाठी गालाची त्वचा घेण्यास सांगितले आहे. पुण्यात ती कपाळाची घेतली. हा पालट कोणी व केव्हा केला, असा प्रश्न येथे उभा राहतो. ज्ञान ग्रंथांतूनच नव्हे, तर कारागिरांच्या हातांतूनही वाहत आले, हे यावरून दिसते. 'आमच्याकडे पूर्वी सर्व काही होते' असा अभिमान जितका व्यर्थ, तितकीच 'काहीच नव्हते' ही निराशाही व्यर्थ होय. पुरावा पाहून निर्णय करणे हेच या अध्ययनाचे खरे शिक्षण आहे.

परंतु मनास चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या वृत्तात रोग्याचे नाव आहे; वैद्याचे नाही. कार्प्यूने लिहिले म्हणून तो स्मरणात राहिला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले व १९४२ साली तेथेच सेवा करीत निधन पावले. त्यांची स्मृती उभय देशांनी जपली, म्हणून ती जिवंत आहे. पुण्याच्या त्या कुशल पुरुषाची विद्या मात्र परदेशी लेखणीने टिपली, तेवढीच जगास कळली.

यास्तव या विषयाची व्याप्ती मोठ्या ग्रंथांपुरती मानू नये. जेऊर व करमाळा परिसरातील घराघरांत तिची साधने शोधता येतील. हाड बसविणारे, सुईणपण करणाऱ्या वृद्ध स्त्रिया, गुरांची औषधे जाणणारे शेतकरी, घरातील मोडी बाडे, प्लेग व देवीच्या साथींच्या आठवणी ही सर्व इतिहासाची साधनेच होत. उजनी धरणाच्या जलाशयामुळे भीमाकाठच्या कित्येक गावांस स्थलांतर करावे लागले. घर हलविताना जुने कागद प्रथम टाकले जातात, हे कोणास सांगावयास नको.

येथे एक विवेक अवश्य राखावा. नोंद करणे म्हणजे उपचार करणे नव्हे. सर्पदंशावरील मंत्र वहीत उतरून घ्यावा. रोग्यास मात्र विनाविलंब रुग्णालयातच न्यावे.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस एवढीच विनंती की, घरातील वृद्धांस विचारून जे कळेल ते त्यांच्या नावासह, गाव व काळ देऊन लिहून ठेवावे. आपल्या पूर्वजांचे कौशल्य जगास कळावे आणि त्यांचे नाव मात्र कळू नये, असे पुन्हा घडू नये.