फळा कोणाच्या गावात?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या मोठ्या लिनक्स संगणकावर माझा एक प्रोग्रॅम दोन दिवस आकडेमोड करत होता. त्याचा आलेख दुसऱ्या इमारतीत, माझ्या टेबलावरच्या संगणकावर उमटत असे. माझ्या खोलीतली वीज पाच मिनिटं गेली. मोठा संगणक व्यवस्थित चालू होता, पण प्रोग्रॅम बंद पडला आणि दोन दिवसांचं काम गेलं. असं का व्हावं?

त्यासाठी १९८४ सालात जावं लागेल. अमेरिकेत एमआयटीमध्ये बॉब शाइफ्लर यांनी स्टॅनफर्डहून आलेली 'डब्ल्यू' ही खिडक्या दाखवणारी प्रणाली सुधारली आणि डब्ल्यूनंतरचं अक्षर म्हणून नव्या प्रणालीला 'एक्स' नाव दिलं. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. लिनक्सवर पुढे हीच रुळली.

समजा, एका गावातले गुरुजी फोनवरून सांगताहेत आणि दुसऱ्या गावातला विद्यार्थी फळ्यावर लिहितोय. एक्समध्ये असंच चालतं. दूरचा प्रोग्रॅम 'इथे खिडकी उघड, तिथे रेघ ओढ' असं सांगतो. चित्र काढतो तो आपल्या समोरच्या यंत्रातला सर्व्हर. (हो, सर्व्हर आपल्या टेबलावर! इथे भले भले गोंधळतात.) फळ्यावर काय आहे याची नोंद फक्त विद्यार्थ्याकडे. फोन तुटला की फळा पुसला जातो, आणि बहुतेक प्रोग्रॅम तिथेच थांबतात.

यावरचा उपाय इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत सापडला, तोही गमतीदार वाटेनं. तिथले लोक अवरक्त किरण सोडणारे बिल्ले लावून फिरत, त्यामुळे कोण कुठल्या खोलीत आहे ते संगणकाला कळे. मग बिल्ल्याचं बटण दाबताच आपल्या खिडक्या जवळच्या पडद्यावर याव्यात, अशी सोय त्यांनी केली. १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच विचारातून निघालेलं 'व्हीएनसी' १९९८ मध्ये सर्वांना मोफत मिळालं.

व्हीएनसीनं फळा गुरुजींच्याच गावात आणला. प्रोग्रॅम दूरच्या संगणकाच्या स्मृतीतल्या काल्पनिक पडद्यावर चित्र काढतो. आपल्याकडे येतात ते फक्त बदललेल्या भागांचे ठिपके. आपलं यंत्र काहीच लक्षात ठेवत नाही. तार तुटू द्या, घरी जाऊन दुसऱ्या यंत्रावरून जोडा, अर्धवट लिहिलेला शब्द तसाच समोर. ठिपके पाठवायला रेघेच्या सूचनेपेक्षा बहुधा जास्त माहिती लागते, एवढी किंमत मोजावी लागते. मला ती स्वस्त वाटते.

ती प्रयोगशाळा २००२ मध्ये बंद झाली. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर खुला असल्यानं व्हीएनसीचे वंशज मात्र लिनक्सवर आजही चालतात. माझी आकडेमोड आता त्यांच्याच भरवशावर असते. मोठ्या संगणकाचीच वीज गेली, तर अर्थात फळाही जातो आणि गुरुजीही.