रामकुंडातल्या अस्थी आणि त्यांची ओळख

नाशिकच्या पंचवटीत गोदावरी दक्षिणवाहिनी होते, त्या वळणावर रामकुंड आहे. ते 1696 साली बांधले गेले आणि पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी त्यात सुधारणा केली. त्यातच अस्थिविलय तीर्थ असून तेथे सोडलेल्या अस्थी विरघळतात, अशी श्रद्धा आहे. 1948 साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भागही येथे विसर्जित झाला.

मात्र अस्थी कुंडाशी पोहोचण्याआधीच त्यांतल्या डीएनएचा निकाल बहुधा लागलेला असतो. तिसऱ्या दिवशी राख सावडताना मडक्यात गोळा होणारे तुकडे एकसारखे नसतात. तपकिरी तुकड्याला आच कमी लागलेली असते, काळ्यातले सेंद्रिय द्रव्य करपलेले असते आणि निळसर करड्यातले जवळजवळ संपलेले असते. सुमारे 700 अंश सेल्सिअसच्या पुढे हाड पांढरे पडते, हातात चुरते, आणि त्यातून ओळख पटण्याजोगा डीएनए सहसा मिळत नाही. जळत्या लाकडांच्या कडेला राहिलेला जाड हाडाचा तुकडा किंवा हिरडीआड झाकलेली दाढ एवढीच काय ती आशा.

उरलेसुरले पाणी संपवते. पाण्याने डीएनएची साखळी जागोजागी तुटते, जिवाणू तुकडे फस्त करतात, आणि उष्ण हवेत दोन्हींचा वेग वाढतो. हाडातले खनिज मात्र टिकाऊ असते. आम्लधर्मी पाण्यात ते झिजते, पण बेसाल्टवरून येणारे गोदेचे पाणी सहसा किंचित अल्कधर्मी असते. श्रद्धेचे रसायन तपासण्यात हशील नाही. तरी येथे विरघळण्यापेक्षा फुटणे, झिजणे आणि वाहून जाणे अधिक घडत असावे.

डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 साली शोधली. भारतात त्याच दशकात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी स्वतंत्र तंत्र विकसित केले. आता नाशिकलाही प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. नमुन्याची खरी परीक्षा तिच्या दारात पोहोचण्याआधीच होते. रक्ताने ओला झालेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. तोच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, तर नाशिकच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

डीएनए कोणाला ठाऊक नव्हता, तेव्हाही पंचवटीत ओळख जपली जात होती, ती तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतात. यापूर्वी घरातले कोण आले होते आणि कोणासाठी, ते तीत सापडते. यजमान आपली नोंद त्याखाली करून देतो. जुनी पाने मोडी लिपीत आहेत. तीर्थक्षेत्रांतल्या अशा वह्या वंशावळीच्या वादांत न्यायालयांपुढेही आल्या आहेत. अर्थात नामावळीवरून नाते सांगता येते, मडक्यातले हाड कोणाचे ते नव्हे. शिवाय कागदालाही वाळवी आणि ओल लागते, आणि गोदेचा पूर काठावरच्या घरांत शिरतोच.