जिल्ह्याला आमचा एक इन्स्पेक्टर

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात भांडण झालं. रविवारची बैठक, विहारात पंधरा-वीस पोरं-पोरी. त्यात एक पोरगा, इतिहास घेऊन बी.ए. झालेला, दोन वर्षं फौजदाराच्या परीक्षेची तयारी करतोय. पहाटे मैदानावर पळतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो. त्याला दुसऱ्या एका कार्यकर्त्यानं तोंडावर विचारलं, "ज्यांच्या काठ्या मोर्चात खाल्ल्या त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहणार का रे तू?" पोरगा काही बोलला नाही. चप्पल घातली अन् निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही.

प्रश्न विचारणारा चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. त्याच्या पाठीवर वळ होते, ते मी पाहिलेत. पण दोघांनाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. वर्दीची मागणी ही काल-परवाची, पोटापाण्यापुरती मागणी नाही. ती आपल्या चळवळीच्या पहिल्या कागदांवर लिहिलेली आहे. तो इतिहास माहीत नसल्यामुळं एकाला लाज वाटते आणि दुसऱ्याला राग येतो. म्हणून हे टिपण.

सुरुवात करावी लागते ती येसकरापासून. गावाची वेस कोण राखत होता? महार. रात्री गस्त कोण घालत होता, चोराचा माग कोण काढत होता, सरकारी खजिना घेऊन तालुक्याला कोण चालत जात होता, हद्दीचा तंटा पडला की साक्षीला कोणाला उभं करत होते? महारालाच. तराळ, येसकर, वेसकर अशी नावं वेगवेगळ्या भागात, काम एकच. हातात घुंगराची काठी. १८६७ चा मुंबईचा खेडे पोलीस कायदा आला तेव्हा पाटील झाला गावचा पोलीस अधिकारी, आणि गावकीची कामं करणारे वतनदार त्याच्या हाताखालची माणसं. १८७४ च्या वतन कायद्यानं ही बांधणी आणखी घट्ट केली. म्हणजे पोलिसाचं काम आपण पिढ्यानपिढ्या करत होतो. रात्री-अपरात्री, पावसापाण्यात. मिळत होतं काय, तर तुटपुंजी इनाम जमीन, बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकर. गावाचा राखणदार गावाच्या बाहेर राहायचा आणि ज्या वेशीवर पहारा करायचा त्या वेशीच्या आतल्या विहिरीवर त्याला पाणी नव्हतं. (माझ्या आज्याची काठी आमच्या घरात होती. बापानं ती एक दिवस चुलीत घातली. का घातली ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.)

पण त्याच काळात दुसरं एक पोलीसदल उभं राहत होतं. पगाराचं, पट्ट्याचं, टोपीचं. त्याचं दार मात्र आपल्याला बंद. काम करायला महार चालतो, हुकूम करायला चालत नाही. सबब विटाळाचीच. अस्पृश्य शिपाई स्पृश्याच्या घरात झडतीला कसा शिरेल? त्याच्या दंडाला धरून त्याला चावडीवर कसा आणेल? बराकीत त्याच्या शेजारी कोण झोपेल? हे प्रश्न नीट वाचा. त्यात भीती विटाळाची कमी आहे आणि महाराच्या हातात कायदा येईल याची जास्त आहे.

पलटणीचं दारही तसंच बंद झालं होतं. कोरेगावच्या खांबावर ज्यांची नावं कोरलेली आहेत त्यांच्या नातवांना इंग्रज सरकारनं १८९० नंतरच्या वर्षांत भरतीतून काढून टाकलं. निवृत्त लष्करी माणूस गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. मग १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीनं थेट विलायतेला, भारतमंत्र्याला अर्ज धाडला. पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलरचं काम करणारा हा माणूस. १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' चालवणारा. त्यानं मागितलं काय? मोठ्या हुद्द्याच्या खुर्च्या मागितल्या नाहीत. सरकारी नोकरीतल्या खालच्या पायऱ्या, पोलीस शिपाई आणि पलटणीतला शिपाई, एवढंच मागितलं. आज हा अर्ज वाचताना कुणाला त्यातली अदब खटकेल. मलाही खटकली होती. पण १९१० साली पोलीस शिपायाची जागा मागणं म्हणजे काय होतं ते येसकराच्या काठीशेजारी ठेवून बघा.

त्या वेळच्या भरतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०२-०३ च्या पोलीस कमिशननंतर सब-इन्स्पेक्टर, म्हणजे आपला फौजदार, शिकलेल्यांतून थेट घ्यायचा आणि त्याला शाळेत घालून तयार करायचा असं ठरलं. त्यासाठीची पोलीस ट्रेनिंग स्कूल १९०६ ला पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली आणि १९०९ ला नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. फौजदार व्हायचं तर शिक्षण पाहिजे, आणि घराणं पाहिजे. शिक्षण आपल्याला दिलं नव्हतं. घराण्याचं तर बोलायलाच नको. मांग, रामोशी, कैकाडी, पारधी यांच्यातल्या कित्येकांना तर पोलीसखातं ठाऊक होतं ते हजेरीच्या वहीतून आणि गुन्हेगार जमातींच्या कायद्यातून. तो १८७१ चा कायदा १९५२ ला गेला, पण पोलिसाच्या डोळ्यातली ती वही अजून गेलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांची डोकी फुटली. खटला झाला, काही मारेकऱ्यांना शिक्षाही झाल्या. पण बाबासाहेबांनी त्यातून धडा घेतला तो वेगळाच. जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणून न्याय झाला, नाहीतर झाला नसता, असं त्यांचं म्हणणं होतं. कायदा चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न. तो राबवणाऱ्या माणसाची जात कोणती, हा पहिला.

दुसऱ्याच वर्षी सायमन कमिशन आलं. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं बाबासाहेबांनी त्यापुढं निवेदन ठेवलं. त्यात राखीव जागा, मताधिकार, शिक्षण हे सगळं आहे आणि ते आपण भाषणांतून ऐकतो. पण त्याच निवेदनात आणखी दोन मागण्या आहेत, त्या मी कुठल्याही सभेत ऐकल्या नाहीत. एक, लष्कर, आरमार आणि पोलीस यांत जातीची कोणतीही आडकाठी न ठेवता अस्पृश्यांना भरती व्हायचा हक्क असावा. दोन, प्रत्येक जिल्ह्याला अस्पृश्यांमधूनच एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमायचा हक्क मान्य करावा.

प्रत्येक जिल्ह्याला. अस्पृश्यांमधूनच. आणि तोही हक्क म्हणून. १९१० साली शिपायाची जागा विनंती करून मागितली होती. अठरा वर्षांत आवाज एवढा बदलला. ह्या मागणीचा अर्थ नोकऱ्यांच्या हिशोबात लागत नाही. जिल्ह्याला एक म्हटलं तर साऱ्या मुंबई इलाख्यात अशा जागा किती निघणार? काही डझन. त्यातून बेकारी हटणार नव्हती. ही मागणी फिर्यादीची होती. गावानं बहिष्कार घातला, दुकानदारानं मीठ-तेल बंद केलं, वाट अडवली, तर महारानं जायचं कुणाकडं? पाटलाकडं? बहिष्कार घालणारा तोच. त्याच वर्षी सरकारनं नेमलेल्या स्टार्टे समितीवर बाबासाहेब सभासद होते. ह्या समितीनं खेड्यापाड्यांतल्या साक्षी घेऊन बहिष्काराचं हेच चित्र १९३० च्या अहवालात मांडलं, आणि बाबासाहेबांनी ते गोलमेज परिषदेपर्यंत नेलं. (गंमत बघा, ह्या समितीचे अध्यक्ष स्टार्टे हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटचे अधिकारी. एका हातात हजेरीची वही आणि दुसऱ्या हातात आमच्या दुःखाचा अहवाल.)

पुढचा इतिहास तुम्हाला बराचसा माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९४१ ला महार पलटण पुन्हा उभी राहिली. सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, औरंगाबादचं मिलिंद १९५० चं. शिकलेला पोरगा तयार व्हायला लागला. संविधानानं नोकरीतला वाटा दिला. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकीची वतनं गेली, येसकराची काठी खाली ठेवता आली. पण १९५६ ला धम्म घेतल्यावर नवाच पेच पडला. राज्यानं साठच्या सुमारास बौद्धांना सवलती दिल्या, केंद्रानं मात्र १९९० पर्यंत दिल्या नाहीत. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं, बौद्ध झालेल्या पदवीधराला आय.पी.एस. ची राखीव जागा हवी असेल तर कागदावर हिंदू महार लिहावं लागे. कित्येकांनी लिहिलं. कित्येकांनी नाही लिहिलं आणि जागा सोडली. दोघांनाही मी नावं ठेवणार नाही.

मग आपली माणसं खात्यात गेली. हवालदार झाली, फौजदार झाली, वर अधीक्षकही झाली. काय झालं?

इथं त्या चिडलेल्या कार्यकर्त्याचं ऐकलं पाहिजे. ५ जानेवारी १९७४, वरळी. बीडीडी चाळींत पोलिसांची घरं आणि बौद्धांची घरं शेजारी शेजारी. पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि पोलिसांच्या वागण्यावर इतके प्रश्न उठले की न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग बसवावा लागला. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव दलानं गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. गोळीबाराचा हुकूम देणारा कोण होता? सब-इन्स्पेक्टरच. ज्या हुद्द्यासाठी आमचा पोरगा पहाटे पळतोय तोच हुद्दा. आणि २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं. त्यानंतर आनंद तेलतुंबडे यांनी जे दाखवून दिलं ते गिळायला जड जातं. ज्यांनी वेळेवर हालचाल केली नाही, ज्यांनी तपासात कुचराई केली, त्या साखळीतले कितीतरी अधिकारी आपल्याच समाजातले होते.

म्हणजे १९२८ च्या मागणीतले 'अस्पृश्यांमधूनच' हे शब्द पुरे पडले नाहीत. का? बाबासाहेबांच्या मागणीतला इन्स्पेक्टर समाजाच्या हक्कापोटी नेमलेला होता, त्याचं कामच आपल्या फिर्यादीचं होतं. आजचा फौजदार खात्याचा माणूस असतो. बदली, बढती, गोपनीय अहवाल सगळं वरच्याच्या हातात. ठाण्यात तो एकटा असतो आणि बाकीचे त्याच्याकडं बघत असतात, हा जातभाईची बाजू घेतो का म्हणून. मग तो इतरांपेक्षा कडक होतो. मी स्वतः तरुणपणी एका ठाण्यात भावकीतल्या बाईची फिर्याद घेऊन बसलो होतो, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. ठाणे अंमलदार आपलाच होता, आडनावावरून कळलं. त्यानं अदखलपात्र नोंद करून आम्हाला वाटेला लावलं. जाताना हळूच म्हणाला, "दादा, माझं पण पोट आहे." त्याला शिव्या घातल्या मी मनात. आता वाटतं, त्याच्या पाठीशी आम्ही कोण होतो?

हे एकट्याच्या इमानावर सोडून चालत नाही म्हणूनच कायद्यात काही कलमं आली, आणि ती तयारी करणाऱ्या पोराला तोंडपाठ पाहिजेत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्याच्या १९९५ च्या नियमांतला सातवा नियम सांगतो, तपास उपअधीक्षकाखालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. तेरावा नियम सांगतो, पोलीसदलात सर्व पातळ्यांवर, विशेष करून चौकी आणि ठाण्याच्या पातळीवर, अनुसूचित जाती-जमातींची पुरेशी माणसं असतील हे राज्यानं पाहायचं. १९२८ ची मागणीच ही. ६७ वर्षांनी, पातळ होऊन, एका नियमात येऊन बसली. आणि चौथं कलम. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घ्यावी, सही घेण्याआधी वाचून दाखवावी, गुन्हा नोंदवावा, प्रत द्यावी. हे जाणूनबुजून न करणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. पण नीट वाचा, हे कलम अनुसूचित जाती-जमातींच्या बाहेरच्या अधिकाऱ्यालाच लागतं. आपल्या अधिकाऱ्यानं फिर्याद दाबली तर ह्या कलमाखाली त्याला कैद नाही. त्याला जाब विचारायचा तर तो वस्तीनंच.

आता परीक्षेबद्दल. कोणत्याही शाखेची पदवी चालते. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मग मैदान, मग मुलाखत. उंची मुलाला १६५ सेंटिमीटर, मुलीला १५७. मुलाची छाती ७९ आणि फुगवून पाच जास्त. गोळाफेक, लांब उडी, पुल-अप्स, आठशे मीटर पळणं. निवड झाली की नाशिक. उपअधीक्षक व्हायचं तर राज्यसेवा, आय.पी.एस. व्हायचं तर दिल्लीची परीक्षा. बार्टीचे वर्ग आहेत, त्यांची माहिती काढा, लाजू नका. बाकी पोरं पुण्याला जातात, सदाशिव पेठेच्या अभ्यासिकेत बसतात. पेशव्यांच्या पेठेत आमची पोरं संविधान पाठ करतात, हे मला बरं वाटतं. मेसचे पैसे थकतात, परीक्षा पुढं ढकलली जाते, वय जातं, हे बरं वाटत नाही. अभ्यासक्रमात महाड येतं ते एका गुणासाठी. २० मार्च १९२७, पर्याय क्रमांक दोन. १९२८ चा इन्स्पेक्टर कुठल्याच पर्यायात येत नाही.

तो पोरगा परत आला, महिनाभरानं. मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो होतो, सायमन कमिशनपुढच्या निवेदनाची पानं घेऊन. चिडलेला कार्यकर्ताही त्या रविवारी होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही, पण पानं मोठ्यानं वाचली ती त्याच कार्यकर्त्यानं. आता अभ्यासवर्गात असं ठरलंय की महिन्यातून एक रविवार चौथं कलम, नियम आणि फिर्याद कशी लिहायची एवढ्यासाठीच. जुना १५४ चा एफ.आय.आर. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाखाली येतो, हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, इथून सुरुवात केली. एक पोरगी, एम.ए. करतेय, तीही मैदानावर यायला लागलीय. तिनं विचारलं, "सर, फौजदार झाल्यावर पण ह्या रविवारला यायचं का?" कार्यकर्ता म्हणाला, "तेव्हा तर आलंच पाहिजे. आम्ही बोलवायला येऊ, ठाण्यात."