मनोजन्य पक्षाघात

मनोजन्य पक्षाघात म्हणजे मेंदू, मेरुरज्जू, मज्जातंतू किंवा स्नायू यांना कोणतीही रचनात्मक इजा नसताना हातापायांची ऐच्छिक हालचाल करता न येणे होय. यास कार्यात्मक पक्षाघात किंवा रूपांतर पक्षाघात असेही म्हणतात. जुन्या वैद्यकीय लेखनात हा विकार हिस्टेरिया या नावाखाली येत असे. रुग्ण जाणूनबुजून सोंग करीत नसतो. अवयव हलविण्याची इच्छा त्याला असते, पण अवयव हलत नाही. निरोगी व्यक्तीत संमोहनाच्या सूचनेने अशीच अवस्था काही काळ निर्माण करता येते. त्यामुळे या विकाराच्या अभ्यासाशी संमोहनाचा संबंध सुरुवातीपासून राहिला आहे.

इतिहास

पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांनी 1880 च्या दशकात अपघातानंतर हात लुळा पडलेले, परंतु इजेचा मागमूस नसलेले रुग्ण अभ्यासले. संमोहित व्यक्तीला केवळ सूचना देऊन किंवा खांद्यावर हलकी थाप मारून त्यांनी तसाच पक्षाघात घडवून दाखविला. संमोहित होणे हेच हिस्टेरियाचे लक्षण आहे, असे त्यांचे मत होते. नान्सी येथील इपोलित बेर्नहाइम यांनी त्यास विरोध केला. संमोहन हा सूचनेचा परिणाम असून निरोगी माणसेही संमोहित होतात, हे त्यांचे प्रतिपादन पुढे ग्राह्य ठरले.

सिग्मंड फ्रॉइड 1885–86 मध्ये शार्कोंकडे शिकत होते. 1893 मधील एका फ्रेंच निबंधात त्यांनी दाखविले, की अशा पक्षाघाताची सीमारेषा शरीररचनेशी जुळत नाही. हातमोजा घालावा तशी मनगटापर्यंतच संवेदना जाते; प्रत्यक्षात कोणताही मज्जातंतू त्या रेषेवर संपत नाही. येथे बिघडते ती ‘हात’ या वस्तूची सर्वसामान्य माणसाच्या मनातील कल्पना, असा त्याचा आशय होता. दबलेल्या भावनेचे शारीरिक लक्षणात ‘रूपांतर’ होते, ही फ्रॉइड यांची उपपत्ती मात्र आज जशीच्या तशी स्वीकारली जात नाही.

मेंदूतील प्रक्रिया

शार्कोंच्या तुलनेला मेंदूच्या प्रतिमाचित्रणामुळे नवे बळ मिळाले. 1997 मध्ये जॉन मार्शल, पीटर हॅलिगन व सहकाऱ्यांनी डावा पाय लुळा असलेल्या एका स्त्रीचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले. तिने पाय हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा उजव्या गोलार्धातील प्राथमिक प्रेरक बाह्यक सक्रिय झाले नाही. त्याऐवजी त्याच बाजूचे अग्र सिंग्युलेट व नेत्रकोटरावरील ललाट बाह्यक सक्रिय झाले. 2000 मध्ये हॅलिगन यांच्या गटाने संमोहनाने डावा पाय लुळा केलेल्या व्यक्तीचे चित्रण केले, तेव्हा तीच दोन क्षेत्रे पुन्हा सक्रिय दिसली. ही क्षेत्रे हालचालीचा आदेश वाटेतच रोखून धरतात, असा त्यावरून तर्क करण्यात आला. दोन्ही अभ्यासांत प्रत्येकी एकच व्यक्ती होती, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पुढील संशोधनाने हा सरळ तर्क बराच गुंतागुंतीचा केला. 2009 मध्ये याॅन कोजां, पात्रिक व्युलमिए व सहकाऱ्यांनी डाव्या हाताचा संमोहनजन्य पक्षाघात एफएमआरआय तंत्राने तपासला. उजव्या प्रेरक बाह्यकात हालचालीची पूर्वतयारी नेहमीप्रमाणे होत होती. म्हणजे हेतू शाबूत होता. मात्र स्वप्रतिमा व कल्पनाचित्रण यांच्याशी निगडित प्रीक्युनिअस या भागाची सक्रियता वाढली आणि प्रेरक बाह्यकाशी त्याचा संबंध दृढ झाला. सोंग करणाऱ्यांत उजव्या ललाटातील निरोधक क्षेत्रे हालचाल दाबण्यासाठी वापरली जात होती. संमोहितांत मात्र त्या क्षेत्रांची सक्रियता हालचाल झाली की अडली यावर अवलंबून नव्हती. म्हणून संमोहनात आदेश थेट दाबला जात नाही, तर ‘हात जड झाला आहे’ ही आतली प्रतिमाच वर्तनाचा ताबा घेते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

प्रत्यक्ष रुग्णांबाबत व्युलमिए यांच्याच 2001 मधील अभ्यासाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. सात रुग्णांत बाधित अंगाच्या विरुद्ध बाजूच्या थॅलॅमस व बेसल गँग्लियामधील रक्तप्रवाह कमी आढळला आणि रुग्ण बरे झाल्यावर ही घट नाहीशी झाली. भावना व प्रेरणा यांचे संकेत हालचालीच्या यंत्रणेत मिसळतात ते याच भागांत. संमोहन व हा विकार यांत साम्य असले, तरी संमोहनाचा परिणाम सूचना मागे घेताच संपतो, तर रुग्णाचा पक्षाघात महिनोन्महिने टिकू शकतो.

निदान व उपचार

‘तपासण्यांत काही सापडले नाही’ एवढ्यावरून निदान करणे आता अयोग्य मानले जाते. त्यासाठी प्रत्यक्ष खुणा शोधल्या जातात. चार्ल्स फ्रँकलिन हूवर यांनी 1908 मध्ये वर्णिलेली खूण त्यांत प्रमुख आहे. उताणे निजलेल्या व्यक्तीने एक पाय विरोधाविरुद्ध उचलला, की दुसऱ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. मनोजन्य पक्षाघातात सांगितल्यावर टाच दाबता येत नाही, पण चांगला पाय उचलताना तीच टाच पुरेशा जोराने दाबली जाते. ही खूण रुग्णाला पकडण्यासाठी नसून त्याला दाखविण्यासाठी वापरावी, असा अलीकडचा प्रघात आहे. मज्जामार्ग शाबूत असल्याचे रुग्णाला त्यातून स्वतःच्या शरीरावर अनुभवता येते.

अमेरिकन मानसरोगतज्ज्ञ संघटनेच्या 1980 च्या वर्गीकरणातून हिस्टेरिया ही संज्ञा वगळली गेली. 2013 च्या आवृत्तीत तर निदानासाठी मानसिक आघात सिद्ध करण्याची अटही काढून टाकण्यात आली. उपचारांत लक्ष दुसरीकडे वळवून हालचाल परत शिकविणारी भौतिकोपचार पद्धती व मानसोपचार यांचा समावेश होतो. संमोहनाचाही उपयोग काही ठिकाणी केला जातो.