राजाची हौस, माळ्याचा हात

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या फराळाच्या ताटात करंजीशेजारी एक संत्रे असते. ते बाजारातले नसते, आमच्या हुडकेश्वरच्या वावरातले असते. पाहुणे कौतुकाने विचारतात, "घरचे का?" मी मान डोलावतो. त्या होकारात खरे किती आणि खोटे किती, हे सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे.

हौसेची बाग हे नागपूरचे जुने व्यसन आहे. भोसल्यांच्या काळी तुळशीबाग, महाराजबाग, तेलंखेडी, सक्करदरा अशा बागा शहरात आणि शहराभोवती होत्या. आमच्या संत्र्याची कथाही अशाच एका राजबागेत सुरू होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघूजीराजे भोसले यांनी त्या वेळच्या औरंगाबादेहून संत्र्याची झाडे आणवून आपल्या परसबागेत लावली, असे परंपरा सांगते. ती राजाच्या ताटासाठी होती. त्यांवर कोणाचा संसार चालावयाचा नव्हता. थोडक्यात, ती हौस होती.

पुढे १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजीराजे निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. राजवट गेली, बागांचे धनी बदलले. संत्रे मात्र राहिले. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि नाशवंत फळाला लांबच्या बाजाराची वाट मोकळी झाली. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात बगीचे वाढत गेले. १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र नागपुरातच स्थापन झाले आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. राजाची हौस शेतकऱ्याचे पोट झाली.

राजाने झाड आणले, हे इतिहासाने नोंदवून ठेवले. परंतु नागपूरच्या उन्हाळ्यात ते जगवले कोणी? बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून आळे कोणी बदलले? त्याचे नाव मला कोठे आढळले नाही. हा प्रश्न मला इतिहास वाचताना पडला नाही, हेही कबूल केले पाहिजे. तो पडला स्वतःची हिशेबाची वही चाळताना.

मी पेशाने शाळामास्तर. १९८७ साली हुडकेश्वरला दोन एकर वावर घेतले. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतजमीन घेणारा शेतकरीच असावा लागतो. काटोलकडच्या आमच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर माझे नाव होते, म्हणून ते जमले. विहीर, झोपडी आणि बंडीची वाट सोडून अठरा फुटांवर एक याप्रमाणे दोनशे झाडे बसली. कलमे वरुड तालुक्यातील शेंदूरजना घाटाहून आणली. झोपडीत एक सालदार कुटुंबासह राहावयास आला. वयाने तो माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला काका म्हणत असे. तो मला गुरुजी म्हणे.

पहिला धडा लावणीच्या दिवशीच मिळाला. झाड वाऱ्याने हलू नये म्हणून मी वीसएक कलमे खोल दाबून बसवली. काकांनी हटकले, "गुरुजी, डोया मातीत गेला." मी पुस्तक वाचून आलो होतो, त्यामुळे ऐकले नाही. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर मोकळा राहावा लागतो, हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होते. खालचा खुंट जंबेरीचा असतो. वरची संत्र्याची साल ओल्या मातीला टेकली की कुजते. तिसऱ्या पावसाळ्यात त्या वीसांपैकी चौदा झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळू लागला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असा बोर्डो मलम करून आम्ही बुंधे रंगवले. त्यातली सहा झाडे वाचली.

दुसरा धडा याहून महाग पडला. दिवाळीच्या सुमारास येणारा बहार तो आंबिया. त्याच्यासाठी डिसेंबरात झाडाचे पाणी तोडावे लागते, त्याला ताण म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात. मग जानेवारीच्या मध्यानंतर पाणी दिले, की झाड फुलाने लगडते. झाडाला महिना-दीड महिना तहानलेले पाहणे हे बागाईतदाराचे तप आहे. एका रविवारी मी वावरात गेलो. काका मुलीकडे गेले होते. सुकलेली पाने पाहून माझा जीव कळवळला. मी पंप सुरू केला आणि बागेला पोटभर पाणी पाजून समाधानाने घरी परतलो.

त्या वर्षी झाडांना पालवी भरघोस आली. फुले मात्र कोठे चार, कोठे दोन. दिवाळीला संत्री बाजारातून आणावी लागली. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "रविवारची माया झाडाले मानवत नाही, गुरुजी."

हौशी शेतकऱ्याची सारी गोष्ट या एका वाक्यात आली. आपण जातो ते सवडीने. विहिरीचे पाणी सवड पाहून आटत नाही, कोळशीची माशी सुट्टीची वाट पाहत नाही आणि धुऱ्यावरून रोही शिरतात ते रात्री. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाकाठी शंभर लिटरच्या पुढेच पाणी लागते. दोनशे झाडांचा गुणाकार वाचकांनीच करावा! वीज रात्री दोनला आली, तर दोनला उठणारा माणूस लागतो. तो मी नव्हतो.

निवृत्तीनंतर एकदा जुन्या वह्या काढल्या. खत, मजुरी, पंपदुरुस्ती, पेट्या: सारे वर्षवार लिहिलेले. चांगल्या वर्षी खर्च निघून थोडे उरे, वाईट वर्षी माझ्या पगारातून भर पडे. परंतु मान खाली गेली ती आकड्यांनी नव्हे. अकरा वर्षांच्या नोंदींत एकच ओळ पुन्हा पुन्हा होती: "गडी, पगार." कोणत्या झाडाला किती शेणखत घातले, ते मी लिहिले होते. माणसाचे नाव लिहिले नव्हते. रघूजीराजांच्या माळ्याचे नाव शोधणारा मी!

२०१३ साली हुडकेश्वर महानगरपालिकेत आले. धुऱ्यापलीकडे प्लॉट पडले, घरे झाली, आमच्या विहिरीचे पाणी खाली गेले. आज साठ-पासष्ट झाडे उरली आहेत. विकत घेणारे येतात, भाव चांगला सांगतात. मुलगा म्हणतो, "बाबा, आता पुरे." त्याचे चुकते असेही नाही. पण काकांचा नातू झोपडीच्या जागी पक्के घर बांधून तिथेच राहतो. ती जागा मी त्याच्या नावे करून दिली आणि उरलेल्या बगीच्याचे उत्पन्न आम्ही निम्मेनिम्म वाटून घेतो. तो पाणी देतो तोवर विकायचे नाही, असे ठरवले आहे.

काका आता फार थकले आहेत. हा लेख त्यांना वाचून दाखवला आणि विचारले, "तुमचे नाव छापू ना?" ते हसले. म्हणाले, "नाव कायले छापता, गुरुजी? झाडायले म्हाइत हाये."

म्हणून ते इथे छापलेले नाही. परंतु पाडव्याला नवी वही उघडतो, तेव्हा पहिल्या पानावर, श्रीच्या खाली, आधी ते लिहितो. आणि "घरचे का?" असे कोणी विचारले, तर घर कोणाचे, तेही सांगतो.